कपड्यांच्या यंत्रातली रवी



बांधावर गेलो की मला कोणी मातीविषयी विचारते, कोणी बियाण्याविषयी, तर कोणी पानावरची अळी काडेपेटीत घालून आणून दाखवते. पण गेल्या माघात पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर कांदा पाहायला गेलो, तेव्हा त्या घरच्या सूनबाईंनी माझ्यापुढे पांढरा सदरा पसरला.

"साहेब, तुम्ही मातीचा नमुना तपासता ना? मग हे काय हाय ते सांगा."

सदऱ्यावर जागोजागी करड्या रंगाचे पापुद्रे चिकटले होते. दुधावरची साय वाळवून चुरावी तसे. लहान मुलीच्या झबल्यावरही तेच, शिवाय कुबट वास. सूनबाईंनी तीन वेळा पावडर बदलली होती. "बोअरच्या पाण्यालाच खोड हाय," असे घरधन्याचे मत. आणि गावातल्या जाणकारांनी यंत्र संपले असा निकाल देऊन टाकला होता, त्यामुळे कांद्याच्या पट्टीतून नवे यंत्र घ्यायचे घाटत होते.

यंत्र जेमतेम चार वर्षांचे. आपल्याकडे बहुतेक घरांत असते तसे दोन टाक्यांचे, एका टाकीत धुवायचे आणि दुसरीत पिळायचे. मी म्हटले, "ताई, नवे घेण्याआधी हे उघडून तर पाहू. स्क्रू ड्रायव्हर आहे का घरात?"

धुण्याच्या टाकीच्या तळाला एक गोल चकती असते. तिच्यावर पाकळ्यांसारखे उंचवटे असतात. आम्ही तिचा मधला स्क्रू काढून चकती वर उचलली आणि सारी मंडळी नाक दाबून मागे सरली. चकतीच्या पोटाला बोटभर जाडीचा चिखल होता. साबणाचा साका, शेतातली माती, कपड्यांचे सूत आणि केस यांचा मिळून झालेला. त्यात बाजरीची कुसळे, तुरीचे दोन दाणे, ब्लाऊजचा एक हूक, एक रुपयाचे नाणे. आणि जुन्या दातब्रशने खरवडताना पिवळे काहीतरी चमकले. ती आजींच्या कानातल्या फुलाची सोन्याची फिरकी होती.

ही फिरकी दिवाळीपासून हरवली होती. फूल अंथरुणात सापडले, फिरकी मात्र नाही. त्याच दिवशी कांद्याचे रोप लावायला आलेली एक बाई पाणी प्यायला घरात येऊन गेली होती. तोंडाने कोणी काही बोलले नाही, पण पुढच्या खुरपणीला तिला निरोप गेला नव्हता. आजी फिरकी तळहातावर घेऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः तिच्या घरी जाऊन आल्या, हे मला मागाहून कळले.

सांगायचे ते हे की, पावडरीला, पाण्याला, यंत्राला किंवा माणसाला दोष देण्याआधी ही चकती एकदा उचलून पाहावी. कामाला तास-दीड तास लागतो आणि खर्च पन्नास रुपयांच्या आतबाहेर येतो.

आता ही चकती मुळात आहे तरी काय? भगिनींनो, ती तुमच्या ओळखीची आहे. ताक घुसळताना रवी एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरते, त्याने दही ढवळले जाते आणि लोणी सुटते. यंत्रातली चकती तेच करते. कपड्यांत पाणी घुसळून धाग्यांत बसलेला मळ सोडवते. दुकानदार तिला पल्सेटर म्हणतात. काही यंत्रांत चपट्या चकतीऐवजी मधोमध पाकळ्यांचा उंच खांब असतो, त्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात. दोघांचे काम एकच.

या रवीचे शेतीशी नाते जुने आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन नावाचे गाव आहे. तिथे १८९३ साली निघालेला मेटॅगचा कारखाना शेतीची अवजारे करी. मळणी यंत्रात पेंढ्यांचे बंध कापून त्या आत भरवणारे जोडयंत्र हा त्यांचा माल. हंगाम सरला की कारखान्याला काम नसे, म्हणून १९०७ साली त्यांनी कपडे धुण्याचे यंत्र काढले. त्या काळात घुसळणारा भाग झाकणाला वरून टांगलेला असे. १९२२ साली त्याच कारखान्यातल्या हॉवर्ड स्नायडर यांनी तो टाकीच्या तळाला बसवला. कपडे घासण्याऐवजी जोराने फिरवलेल्या पाण्याने धुतले जाऊ लागले, आणि कारखान्याने अवजारांचा धंदा सोडून पुढे यंत्रांतच नाव काढले. तेव्हा ही वस्तू शहरी चोचल्यांची आहे असे कोणी म्हणाल, तर तिचा जन्म मळणी यंत्राच्या कारखान्यात झाला आहे हे लक्षात असू द्या.

रवी तळाला आली, त्याबरोबर एक अडचणही आली. जड ते तळाला बसते. चकती आणि टाकी यांच्यात नखाएवढी फट असते. तिच्यातून माती, कुसळे आणि नाणी खाली जातात. पाणी निघून जाते, पण हे मागे राहते. मग साबण त्याला चिकटवून धरतो.

आपल्याकडे यात भर पडते ती जड पाण्याची. बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड समजावे. साबण या क्षारांशी मिळाला की विरघळत नाही, त्याचा दह्यासारखा साका होतो. सूनबाईंच्या सदऱ्यावरचे पापुद्रे हेच होते. फेस आला नाही की आपण आणखी एक मूठ पावडर टाकतो. ती नीट खंगाळून निघत नाही, आणि तिचाही थर चकतीखाली चढतो. म्हणजे जास्त पावडरीने कपडे जास्त मळायचे, असा उलटा न्याय. घरात ठिबक असेल तर हे समजायला सोपे आहे. ड्रिपरच्या तोंडावर जो पांढरा थर धरतो, तोच इथे चकतीच्या पोटाला धरतो.

चकती उघडण्याआधी एक गोष्ट वडीलकीच्या नात्याने सांगतो. नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून उपसून डोळ्यांसमोर ठेवा. हा शहाणपणा मला माझ्याच घरी आला. चालू यंत्रातला रुमाल सोडवायला मी हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. वायरमनने पाहिले तेव्हा कळले की भिंतीतल्या तीन छिद्रांच्या जागेला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. तिसरे छिद्र नुसते शोभेचे! खेड्यांतून हे सर्रास आढळते. कित्येक ठिकाणी तर पिनेचा जाड पाय कापून ती दोन छिद्रांत बसवलेली पाहिली आहे. असे कृपा करून करू नका. मोरीतली ओली फरशी, अनवाणी पाय आणि वीज एकत्र आली की माणूस जायला क्षण लागत नाही. अर्थिंग तपासून घ्या. शक्य असेल तर गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्या. यंत्राची मागची पाटी मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही वीज साठून राहिलेली असते.

आता कामाला लागू. यंत्र अजून हमीच्या मुदतीत असेल तर आधी कंपनीच्या माणसाला विचारावे. एरवी टाकीतले सगळे पाणी सोडून द्यावे, तळ फडक्याने कोरडा करावा आणि निचऱ्याच्या तोंडात चिंधी कोंबावी. ही चिंधी विसरू नका, स्क्रू त्या भोकात गेला तर काम दुप्पट होते. मोबाईलवर चकतीचा एक फोटो काढून ठेवावा.

चकतीच्या मधोमध एक स्क्रू असतो. काही यंत्रांत त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते, ती नखाने निघते. स्क्रूचे डोके बहुधा अधिक चिन्हासारख्या खाचेचे असते, क्वचित पान्याने फिरवायचे असते. त्या मापाचाच स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. लहान मापाचा घेतला तर खाच झिजते, आणि मग तो स्क्रू कोणाच्या बापाला निघत नाही. घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला फिरवावा. जाम असेल तर डोक्यावर चमचाभर व्हिनेगर टाकून अर्धा तास थांबावे. स्क्रूखाली वायसर असेल तर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत मांडून ठेवावे.

स्क्रू निघाला तरी चकती लगेच येत नाही. ती खालच्या दांड्याच्या दातांवर घट्ट बसलेली असते आणि वर क्षाराने जखडलेली असते. इथेच माणसे घाई करतात. एका बाजूने स्क्रू ड्रायव्हर खुपसून टिकाव मारल्यासारखी उचकटतात. मग चकतीची कड तुटते, किंवा टाकीला चीर जाते. टाकीला चीर गेली म्हणजे यंत्र खरोखरच संपले. त्यापेक्षा सायकलच्या चाकाच्या दोन जुन्या तारा घ्या, त्यांची टोके आकड्यासारखी वाकवा, चकतीच्या समोरासमोरच्या दोन भोकांत अडकवा आणि दोन्ही हातांनी सरळ वर ओढा. भोके नसतील तर नायलॉनची बारीक दोरी फटीतून दोन बाजूंनी खाली सरकवून तशीच ओढावी. तरीही हलली नाही तर हात बुडवता येईल इतके कोमट पाणी चकती बुडेपर्यंत घालावे, त्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवावे आणि तासभर तसेच ठेवून दुसरे काम करावे. पारनेरला आम्ही तेच केले. तोवर कांद्यावरचा करपा पाहून आलो. परत आलो तर चकती पहिल्या ओढीला हातात आली.

निघालेली चकती बादलीत पाच लिटर कोमट पाणी आणि पन्नास ग्रॅम लिंबूसत्व घालून तासभर भिजवावी. किराणा दुकानात सायट्रिक अ‍ॅसिड म्हणून मिळते ते हेच. मग जुन्या दातब्रशने पोटाकडच्या खाचा घासाव्यात. टाकीचा तळ आणि दांड्याभोवतीची जागाही घासावी, पण तिथे हात हलका ठेवा. दांड्याच्या बुडाशी रबराचे कडे असते आणि तेच टाकीतले पाणी खालच्या भागात उतरू देत नाही. त्याला चाकू लावू नये. त्याच्यावर रॉकेल किंवा ग्रीस घालू नये, रबर फुगते आणि पाणी गळू लागते. इंजिनाला तेल लागते म्हणून इथेही लागेल असे नाही.

औषधांविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण चुका इथेच होतात. एका बागायतदाराने ठिबकच्या नळ्या धुवायचे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड उरले म्हणून यंत्रात ओतले. थर गेला, पण त्याबरोबर स्क्रू आणि दांडाही खाल्ला गेला, आणि पुढे चकती जागच्या जागी डुगडुगू लागली. ठिबकचे अ‍ॅसिड ठिबकलाच. दुसरी चूक याहून वाईट. विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर कोणी यंत्रात टाकतात. ती व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा कुठल्याही आंबट पदार्थाशी मिळाली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर जिवावर बेतते. दोन्ही कधीही एकत्र करू नयेत, एकामागोमाग एकही वापरू नयेत. तिसरी चूक निरुपद्रवी आहे, पण पैसे फुकट जातात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकतात. फसफस झाली की बरे वाटते, परंतु आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि मागे उरते ते साधे खारे पाणी. क्षाराला आंबट लागते, तेलकट मळाला धुण्याचा सोडा लागतो. दोन्ही करायचे तर वेगवेगळ्या दिवशी करावे.

चकती परत बसवण्याआधी तिच्या मधल्या भोकातले दात बोटाने चाचपून पाहावेत. ते झिजून गुळगुळीत झाले असतील तर दांडा फिरतो पण चकती घसरते, आणि कपडे भिजून पडतात, धुतले जात नाहीत. अशा वेळी नुसती चकती बदलली की पुरते. जुनी चकती पिशवीत घालून दुकानात न्यावी आणि दातांना दात लावून नवी घ्यावी, कारण दिसायला सारख्या असल्या तरी मापे निराळी असतात. चकती काढलेली असतानाच दांडा हाताने धरून हलवावा. तो खिळखिळा असेल किंवा यंत्राखाली सतत ओल राहत असेल, तर रबरी कडे किंवा आतले बुश गेले असे समजून कारागीर बोलवावा. मोटार घुमते आणि दांडा फिरतच नाही, तर बहुधा पट्टा सुटलेला किंवा झिजलेला असतो. तेही त्याचेच काम. फक्त त्याला आपण होऊन सांगावे, "पट्टा पाहा," म्हणजे तो उगाच मोटारीवर जात नाही.

बसवताना दात जुळवून चकती तळाला टेकेपर्यंत दाबावी. स्क्रू घट्ट करावा, पण खांद्याचा जोर लावू नये. हाताने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवून पाहावी, कुठे घासता कामा नये. निचऱ्यातली चिंधी काढावी. मग टाकीभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व टाकून कपडे न घालता दहा मिनिटे यंत्र चालवावे, तासभर थांबून पुन्हा चालवावे, पाणी सोडून द्यावे आणि साध्या पाण्याने दोनदा खंगाळावे. पहिल्या खेपेला काळे पाणी निघेल. घाबरू नका, ते निघावे म्हणूनच तर हा खटाटोप.

एवढे झाल्यावर रोजचे थोडे. शेतातले कपडे मोरीत आणण्याआधी अंगणात झटकावेत आणि खिसे उलटे करावेत. कुसळे लागलेले धोतर किंवा पातळ कोरडे असतानाच निवडावे, ओले झाल्यावर कुसळ धाग्यात रुतते. चिखलाचे कपडे आधी बादलीत एकदा आळवून घ्यावेत. पावडर मापाने घालावी. टाकीच्या कडेला सूत गोळा करणारी जाळीची पिशवी असते, ती दर धुण्यानंतर उलटी करून धुवावी. आणि काम झाले की झाकण उघडे ठेवावे. कुबट वासाला निम्मे कारण बंद झाकण असते.

आता फवारणीच्या कपड्यांविषयी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध नाकातोंडातून जाते तसे कातडीतूनही आत जाते, आणि भिजलेला सदरा अंगाला चिकटून असतो. तो सदरा लेकराच्या झबल्याबरोबर एकाच टाकीत घुसळणे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. वर सांगितलेला चकतीखालचा चिखल औषधाचा अंशही धरून ठेवू शकतो. म्हणून फवारणीचा जोड वेगळा ठेवावा आणि त्याच दिवशी धुवावा. धुणारणीने हातमोजे घालावेत, वेगळी बादली घ्यावी, साबणाचा हात दोनदा द्यावा आणि कपडे कडक उन्हात वाळवावेत. ते पाणी विहीर, ओढा आणि गुरांची जागा सोडून पडीक रानात ओतावे. बाटलीतले कच्चे औषध कपड्यावर सांडले असेल तर तो कपडा धुऊ नये, टाकून द्यावा. यंत्रच वापरायची वेळ आली तर दुसरे काहीही त्यात न घालता धुवावे, आणि नंतर पावडर घालून यंत्र एकदा रिकामे फिरवावे. ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी वाचावी अशी माझी विनंती आहे. फवारून आल्यावर सदरा खुंटीवर टांगून देणारे तेच असतात.

चकती किती दिवसांनी उघडावी? जड पाणी आणि शेतातले कपडे असतील तर तीन महिन्यांनी. तारीख ध्यानात राहत नाही, म्हणून मी सण सांगतो. पाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत. चारही साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने येतात, आणि पाडव्याला, दसऱ्याला घरात झाडझूड तशीही होतेच.

पारनेरच्या घरी नवे यंत्र आले नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी आजींचाच फोन आला.

"साहेब, सून माहेरी गेलीय. म्या म्हटलं आपणच उघडावं. पण मेला स्क्रू निघंना की!"

"आजी, कोणीकडे फिरवताय? घड्याळाच्या काट्याच्या दिशेला की उलट?"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही.

"थांबा, घड्याळ बघून येते," म्हणाल्या.